करड्या दाताचं मूळ

ट्रॉय, मिशिगन
८ जानेवारी २०२५

मावशी,

दातांबद्दल फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, हा तुझा नियम मी अजून पाळते म्हणून क्लिनिकमध्ये सगळे हसतात. आमच्या मोठ्या डॉक्टर लिंडक्विस्टबाईंनी विचारलं, "तुझी मावशी डेंटिस्ट होती की न्यायाधीश?" मी म्हटलं, दोन्ही, आणि त्यांना सगळं सांगितलं: दुसरी-तिसरीची वर्षं मी शाळेत गेलेच नाही, बॉथेलला तिच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत शिकले. मराठी वाचायला, भागाकार करायला आणि मेणाच्या वडीतून दाढ कोरायला. आणि पत्रात 'पाहिलं' ते वेगळं लिहायचं, 'वाटलं' ते वेगळं, हेही.

आज दुपारी मी जेवलेसुद्धा नाही, इतकी खूश आहे. सुट्टीत आमच्याकडच्या मुलांचे जुने एक्स-रे काढून बसले होते. तुझ्या लेकाकडे, यतीनदादाकडे, गेले तर प्रीतावहिनी म्हणाली, "अगं, एवढं काय सापडलं?" तिला मी असं सांगितलं: कीड दाताच्या आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत, म्हणजे पल्पपर्यंत पोचली, की आम्ही पल्पचा वरचा बिघडलेला भाग काढतो, मुळांतला चांगला भाग ठेवतो आणि त्याच्यावर औषधाचं झाकण घालतो. झाकण चांगलं तर दात जगतो. माझी सगळी धडपड ते झाकण कशाचं असावं याची आहे.

पाहिलं: दुधाच्या दाढांत तुझं ते तपकिरी फॉर्मोक्रेसॉल बहुतेक ठिकाणी टिकलंय, उगाच नावं ठेवण्यासारखं नाही. चुना, म्हणजे आपलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जिथे घातला तिथे काही मुळं आतून कुरतडल्यासारखी दिसतात. आणि दातांसाठी बनवलेलं नवं सिमेंट जिथे आहे तिथे शांतता. मुळं शांत, हाड शांत, खालचा कायमचा दात आपल्या वाटेने वर येतोय. आम्ही पाहिलेले दात थोडे आहेत, त्यावरून मी काही सिद्ध करू शकत नाही, पण मोठमोठ्या अभ्यासांतही कल असाच आहे. ते सगळं मी आधीच वाचलं होतं. आपल्या हातून झालेल्या दाढांत ते दिसणं वेगळं.

वाटलं: गावं. पण तेवढ्यात पुढचा पेशंट आला.

तुझी,
स्वानंदी


बॉथेल, वॉशिंग्टन
११ जानेवारी

स्वानंदीबाई,

सिमेंट का. छान. तीस वर्षं मी औषधं घालत होते, आता तुम्ही लोकांनी बांधकाम काढलंत. त्याला पाणी मारतेस ना? ओलाव्याशिवाय ते घट्ट होत नाही म्हणतात. आपल्याकडे घर बांधलेल्या कुठल्याही बाईला विचार, नव्या भिंतीला पाणी मारलं नाही तर काय होतं ते.

दुधाच्या दातात चुना घालायचा नाही, हे मी तुला फळ्यावर लिहून दिलं होतं, तेव्हा तुझे स्वतःचे दुधाचे दात पडायचे होते. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. कायमच्या दातात पल्प उघडा पडला तर चुना. आणि कायमचा दात काळवंडला की समजायचं आत मेलाय, वाट बघायची नाही. या तीन ओळींवर माझं क्लिनिक चाललं.

तुझा आनंद मला कळतो, मी नाक मुरडत नाहीये. फॉर्मोक्रेसॉलच्या वासाने माझे डोळे चुरचुरायचे, ते गेलं तर बरंच. पण दुधाची दाढ चार-पाच वर्षांची पाहुणी असते. कायमचा दात साठ वर्षं राहायला आलेला असतो. पाहुण्याकडचा अनुभव घरच्याला लावताना हात आखडता घ्यावा.

जेवत जा.

मावशी


ट्रॉय
९ फेब्रुवारी

मावशी,

तुझी नात ठीक आहे, हे आधी. यतीनदादाने तुला फोनवर सांगितलंच असेल, पण दाताचं मी लिहिते.

काल सकाळी आइस रिंकवर एक मोठा मुलगा मागून आदळला आणि केया तोंडावर पडली. वरचा समोरचा डावा दात तिरका तुटला. वहिनीने शाबासकीचं काम केलं: तुकडा शोधला, रिंकच्या कॅफेतून दूध मागितलं, सुकू नये म्हणून त्यात टाकला आणि मला फोन केला. मी म्हटलं घेऊन या. शनिवारी आम्ही बंद असतो, लिंडक्विस्टबाई स्वतः येऊन दार उघडून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, कारण नात्यातलं मूल एकटीने करायचं माझ्या मनाला पटेना.

केया खुर्चीवर बसली आणि पहिला प्रश्न: "स्वानूआत्या, इट्स नॉट अ मिल्क टूथ. देन व्हाय मिल्क?" ओठ सुजलेला, आणि आवाज वकिलाचा. यतीनदादा कोपऱ्यात पांढरा फटक पडला होता. तिने त्यालाच सांगितलं, "बाबा, सिट डाउन."

पाहिलं: पल्प टाचणीच्या डोक्याएवढा उघडा, लालभडक, जिवंत. दात हलत नाही. एक्स-रेमध्ये मूळ अजून अर्धवट आहे, टोक नळीसारखं उघडं. ती आठच वर्षांची आहे. हा पल्प मेला तर मूळ तिथेच थांबेल, भिंती कागदासारख्या पातळ राहतील आणि कॉलेजात जाईपर्यंत एखाद्या धक्क्याने दात मोडेल. जगला तर मूळ स्वतःच पूर्ण होईल. म्हणून पल्पचा वरचा पातळ थर काढला, सौम्य ब्लीचमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा धरून रक्त थांबवलं, वर सिमेंट घातलं, बंद केलं आणि तुटका तुकडा पुन्हा चिकटवला. सांधा जवळजवळ दिसत नाही.

चुना नाही घातला, मावशी. तुझी ओळ आठवत होती. पण कायमच्या दातांच्या अभ्यासांतही सिमेंट चुन्याच्या मागे नाही, उलट त्याचं झाकण जास्त घट्ट बसतं. आणि हाताला सवय सिमेंटची आहे. लिंडक्विस्टबाई हो म्हणाल्या.

वाटलं: खरं सांगू, आतून मी उड्या मारतेय. तो लाल ठिपका जिवंत होता, आणि मी त्याला मरू दिलं नाही. निदान काल तरी.

स्वानंदी


बॉथेल
९ फेब्रुवारी

स्वानू,

ईमेल उघडून पत्र दोनदा वाचलं. मी चुनाच घातला असता. पण तिथे मी नव्हते, तू होतीस, आणि रक्त थांबलं हे मुख्य. सिमेंट तर सिमेंट.

यतीन लहानपणी गुडघा फुटला तरी असाच पांढरा पडायचा. प्रीताला म्हणावं, दुधाची अक्कल तिला कुणी शिकवली असेल त्याचे आभार. मीच शिकवली असं ती सांगते, मला आठवत नाही.

आता महिन्या-दोन महिन्यांनी बघत राहा. आणि रंगावर नजर ठेव.

मावशी


ट्रॉय
३० मार्च

मावशी,

दोन ओळीच. केयाला दुखत नाही, सूज नाही, हिरडी गुलाबी. सफरचंद चावून खाते, आणि मी रागावले की तोंड उघडून दात दाखवते, म्हणजे मला गप्प बसावं लागतं. तिने शाळेत सांगितलंय की तिच्या दातात बिल्डिंगचं सिमेंट आहे. वर्गातला अर्णव म्हणाला, खोटं. आता त्याला एक्स-रे दाखवायचा हट्ट आहे.

मी फार खूश आहे. एवढं खूश असावं की नाही, या काळजीत आहे.

स्वानंदी


बॉथेल
६ मे

स्वानंदी,

काल केयाशी व्हिडिओ कॉल झाला. ती खिडकीत बसली होती, उजेड चांगला होता. दात करडा झालाय. मी यतीनला विचारलं तर तो म्हणाला, "हो ना आई, गेले पंधरा-वीस दिवस वाटतंय तसं, पण स्वानंदी बघणारच आहे पुढच्या आठवड्यात." म्हणजे आई-बापाला दिसतंय, आणि आजीला दोन हजार मैलांवरून दिसतंय.

कायमचा दात काळवंडला की आत मेलाय. तुला फळ्यावर लिहून दिलं होतं. मेलेला पल्प आत ठेवला तर तो सडतो, पू होतो, हाड खातो, आणि उघड्या टोकाच्या मुळात ते फार लवकर होतं. थांबू नकोस. दात उघड, साफ कर, रूट कॅनाल कर. मूळ अर्धवट राहील, त्याचं दुःख नंतर करू. दात तरी राहील.

तुला दोष देत नाही. पडल्यावर काही दात मरतातच, चुना घातला असता तरी मेला असता कदाचित.

मावशी


ट्रॉय
८ मे

मावशी,

तुझं पत्र वाचून मी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. फेब्रुवारीत चुन्याची मोडली ती सोडली, तर त्या तीन ओळींतली एकही मी आजवर मोडलेली नाही. पहिला विचार हाच आला, की मावशी म्हणतेय म्हणजे मेलाय.

आज सकाळी शाळेच्या आधी केयाला बोलावलं.

पाहिलं: दात करडा आहे, तुझं खरं. पण सगळा नाही. हिरडीजवळ, जिथे सिमेंट बसलंय तिथे जास्त, आणि खाली धारेकडे येताना फिका होत जातो. धार शेजारच्या दातासारखीच आहे. दुखत नाही. टकटक केलं तर शेजारच्यासारखाच आवाज. हिरडीवर पुळी नाही. थंड केलेला बोळा लावला तर ती दचकली. एक्स-रेमध्ये सिमेंटच्या खाली एक बारीक पांढरी रेघ आलीय. नवीन दाताचा थर, पल्पने स्वतः बांधलेला. मेलेला पल्प हे करत नाही. मूळ वाढलं की नाही ते मात्र तीन महिन्यांत नक्की सांगता येत नाही.

वाटलं: जिवंत आहे. आणि असं वाटण्याची भीती वाटते, कारण मला तसं हवंय.

करडेपणा कुठून आला, हेही मला कळलंय असं वाटतं, आणि ते कळल्यावर मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सिमेंट एक्स-रेमध्ये उठून दिसावं म्हणून त्यात बिस्मथ घालतात. रक्ताशी, ब्लीचशी गाठ पडली की ते काळं पडू शकतं. खोक्यावर 'पांढरं' लिहिलंय, तरीही. रंग न बदलणारी सिमेंटं मिळतात. मी वाचलं होतं, मावशी. पण मी रोज दुधाच्या दाढा करते आणि प्रत्येक दाढेवर स्टीलची टोपी बसवते. टोपीखाली रंग कोण बघतो? कपाटात तो एकच डबा होता आणि मी तोच उघडला. पाहुण्याचा अनुभव घरच्याला लावला, तू नको म्हटलं होतंस तेच.

लिंडक्विस्टबाईंना सांगितलं, वहिनीलाही सांगितलं. मी दात उघडणार नाही. ऑगस्टपर्यंत थांबून मूळ बघणार, तोवर दर दोन आठवड्यांनी तपासणार.

स्वानंदी


बॉथेल
११ मे

स्वानंदी,

थंड बोळा. आठ वर्षांच्या मुलीला. जिला आत्याचा चेहरा उतरलेला दिसतो आणि आत्याला खूश करायचं असतं. तिला कोरडा बोळा लावला असतास तरी दचकली असती. कोवळ्या दातांत ती चाचणी फसवी असते हे तुला परीक्षेला होतं.

पांढऱ्या रेघा मीही पाहिल्यात. रेघ आहे आणि खाली पू आहे, असेही पाहिलेत.

ऑगस्ट म्हणजे तीन महिने. मला तेवढी हिंमत नाही. तुला आहे ती दुसऱ्याच्या मुलीवर आहे.

मावशी


ट्रॉय
१४ मे

मावशी,

शेवटच्या वाक्यावर मी काही लिहीत नाही.

काल वहिनी म्हणाली, "तुला माहीत नाही का? पुढच्या गुरुवारी बाहेर एका डॉक्टरकडे केयाच्या रूट कॅनालची अपॉइंटमेंट आहे, आईंनीच घ्यायला लावली." यतीनदादाला विचारलं तर म्हणाला, "यार स्वानंदी, तू पण बरोबर असशील, पण आई तीस वर्षं हेच करत होती. मी कुणाचं ऐकू?" मी त्याच्या जागी असते तर मीही तुझंच ऐकलं असतं. तू मला न सांगता केलंस, त्याचं वाईट वाटलं. तेही असो.

तुझी शंका बरोबर होती, म्हणून परत केलं. या वेळी केयाचे डोळे झाकले आणि खेळ आहे म्हणून सांगितलं. कधी थंड बोळा, कधी कोरडा. कधी तुटलेला दात, कधी शेजारचा. क्रम लिंडक्विस्टबाईंनी ठरवला, मलासुद्धा पुढचा कुठला ते माहीत नव्हतं. कोरडा लावला की ती म्हणायची, "यू आर चीटिंग, दॅट वन इज नॉट कोल्ड." एकदाही चुकली नाही. तरीही मी हा पुरावा म्हणत नाही, कोवळा दात आहे.

पण दुसरी गोष्ट ऐक. आमच्याकडे काढलेल्या दुधाच्या दाढा असतात, पालकांनी घरी न नेलेल्या, अभ्यासाला वापरायची परवानगी दिलेल्या. तीन घेतल्या. तिन्ही कोरल्या, तिन्हींत ब्लीचचा बोळा फिरवला. एकीत तेच सिमेंट भरलं, दुसरीत चुना, तिसरी रिकामी. ओल्या कापसात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सिमेंटवाली आतून करडी दिसू लागली, आज ती थेट केयाच्या दाताच्या रंगाची आहे. बाकीच्या दोन होत्या तशा. फोटो जोडलाय.

मावशी, या दाढांत जीव नव्हताच. तिघी सारख्याच मेलेल्या, करडी एकच झाली. मग करडा रंग मरणाचा कसा?

लिंडक्विस्टबाईंना हाक मारायला मी पळत गेले आणि मध्येच ठेवलेल्या खेळण्यांच्या टोपलीवर आपटले. गुडघ्याला लागलंय. मला काही वाटत नाहीये.

आता जे लिहितेय ते लिहायला मला एक दिवस लागला. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. त्यांत 'वाटलं' आहे. 'पाहिलं' नाही. तू एक रंग पाहिलास, तोही फोनच्या काचेतून, आणि बाकी सगळं फळ्यावरून लिहिलंस. तुझी ओळ खोटी नाही. तुझ्या वेळी दातात हे सिमेंट नव्हतं, तेव्हा दात करडा व्हायचा तो मेल्यावरच. आता करडा होण्याची दोन कारणं आहेत.

गुरुवारी तो दात उघडला आणि आत तो लाल ठिपका जिवंत सापडला, तर तो आपण मारलेला असेल. आणि माझं चुकत असलं, तर केयाचं हाड जाईल, आणि ते माझ्यावर असेल. मी ते घेतेय. पण त्याआधी तू ये. उन्हात बस आणि तिचं तोंड स्वतः उघडून बघ. बघितल्यावर 'मेलाय' म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही, मीच तिला त्या डॉक्टरकडे घेऊन जाईन.

स्वानंदी


बॉथेल
१५ मे

स्वानू,

फोटो मोठा करून पाहिला, मग मोठ्या कॉम्प्युटरवर पाहिला. मग तुझ्या त्या बिस्मथबद्दल वाचत बसले. अलीकडचं पुष्कळ आहे. मी निवृत्त झाल्यावर मासिकं बंद केली होती.

यतीनला सांगितलंय, गुरुवार पुढे ढकल. रद्द कर म्हटलेलं नाही, लक्षात घे. सोमवारी दुपारी डेट्रॉइटला उतरते. आरसा माझा मी आणतेय, तुमचे ते प्लास्टिकचे मला चालत नाहीत.

न सांगता अपॉइंटमेंट घेतली ते चूक. दुसऱ्याच्या मुलीबद्दलचं वाक्य त्याहून चूक. तू माझ्या नातीचं तोंड उघडतेस तेव्हा मी इथे बसून श्वास धरते, त्यातलं ते होतं.

मावशी


ट्रॉय
१६ ऑगस्ट

मावशी,

तू मेमध्ये अंगणात केयाला खुर्चीवर बसवून अर्धा तास बघत होतीस. यतीनदादा आतून विचारत होता, "आई, काय ते एकदा सांग ना," आणि तू म्हणालीस, "मला माहीत नाही. थांबू या." त्या वाक्यावर मी हे तीन महिने काढले. तूही माझ्याच बाजूला उभी राहून थांबतेयस म्हटल्यावर भीती निम्मी झाली. उरलेली निम्मी पुरेशी होती. दर दोन आठवड्यांनी केया यायच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

आज, शनिवार असूनही, क्लिनिक उघडून एक्स-रे काढला.

काढताना मी पडद्याकडे पाठ केली. लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, "स्वानंदी, टर्न अराउंड." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, "नो. यू सी फर्स्ट, देन यू फील. युवर आंट्स रूल." म्हणून वळले.

पाहिलं: फेब्रुवारीचा आणि आजचा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले; तुलाही दोन्ही जोडलेत. मूळ लांब झालंय. भिंती जाड झाल्यात. टोक नळीसारखं उघडं होतं, ते आता निमुळतं होऊन मिटत आलंय. एकट्या या दाताकडे बघून मला भरवसा वाटला नसता, म्हणून शेजारचा उजवा दात मापला, ज्याला कधी काही झालंच नाही. दोघांची मुळं बरोबरीने वाढलीत. कुठला पडलेला आणि कुठला न पडलेला, ते मुळांवरून सांगता येत नाही. मेलेला असता तर हा मागे राहिला असता आणि तो पुढे गेला असता. सिमेंटखालची रेघ आता चांगली जाड आहे. हाडात कुठेही डाग नाही.

जिवंत आहे, मावशी. वर करडा आहे आणि आतून वाढतोय.

वाटलं: हे लिहिता येत नाहीये. मी एक्स-रेच्या खोलीत रडले. केया म्हणाली, "इज इट बॅड?" मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, "देन व्हाय आर यू क्राइंग, यू आर बीइंग वियर्ड," आणि स्वतःच टिश्यूचा डबा आणून दिला. यतीनदादाने एक्स-रेचा फोटो मागितला आणि ऑफिसच्या फोनवर वॉलपेपर केला. वहिनी म्हणते, लग्नाचा फोटो काढून हा लावलाय.

रंगाचं: मूळ पूर्ण मिटलं की वरचं सिमेंट काढून दुसरं घालता येईल, किंवा पुढून पातळ पांढरा थर देता येईल. आत्ता हात लावायचा नाही. केयाला विचारलं, शाळेत कुणी चिडवतं का. ती म्हणाली अर्णव चिडवायचा, आता त्याला स्वतःला ब्रेसेस लागल्यात.

क्लिनिकच्या कपाटात आता दोन डबे आहेत. समोरच्या दातांचा वेगळा, त्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. आणि केयाच्या दाताची सगळी हकिकत, माझ्या चुकीसकट, शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगायचं ठरलंय. बोलायचे मुद्दे आत्ताच लिहायला घेतलेत.

स्वानंदी


बॉथेल
१८ ऑगस्ट

स्वानू,

दोन्ही मुळं मीही मापली, पडद्यावर फूटपट्टी ठेवून. तुझं माप बरोबर आहे.

शुक्रवारी सांगताना आधी चूक सांग, मग दात जगला ते सांग. उलटं केलंस तर चूक कुणी ऐकणार नाही.

आता दुसरं. मे महिन्यात तुझ्याकडे होते तेव्हाच माझी खालची उजवी दाढ थंड पाण्याने ठणकत होती. बोलले नाही, कारण तेव्हा कुणाच्याच दाढेला वेळ नव्हता. इथल्या डॉक्टरने परवा एक्स-रे काढला. कीड पल्पला टेकलीय. तो सज्जन माणूस आहे. म्हणाला, "तुमच्या वयात सरळ रूट कॅनाल करून टाकू." चार महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, आणि माझ्या हाताखालच्या मुलीने दुसरं काही सुचवलं असतं तर तिला फळ्याकडे बोट दाखवलं असतं.

पण ठणका गार पाण्यापुरता आहे, लगेच थांबतो, रात्री दुखत नाही. म्हणजे आत अजून जीव असावा. मी वाचतेय की पूर्ण वाढलेल्या दाढेतही पल्पचा वरचा भाग काढून सिमेंट घालतात आणि बऱ्याच दाढा जगतात. सगळ्या नाही. पुढे कितपत टिकतात ते अजून लोक बघतायत. सदुसष्ट वर्षांच्या पल्पला नवी भिंत बांधता येते का, मला माहीत नाही. तुला काय दिसतं ते मला बघायचंय.

तू मुलांची डॉक्टर आहेस हे मला माहीत आहे, मला सांगू नकोस. लिंडक्विस्टबाईंना विचार, त्या शेजारी उभ्या राहतील तर बरं. उघडल्यावर रक्त थांबलं नाही, तर तिथल्या तिथे इरादा बदल आणि मला रूट कॅनालला पाठव. हट्ट करायचा नाही, माझ्या समाधानासाठी तर अजिबात नाही.

तिकीट काढलंय. शनिवारी सकाळी तुमची ती जिराफाच्या चित्राची खुर्ची मोकळी ठेव. माझे पाय बाहेर लोंबतील. लोंबू देत.

मावशी